घटका, पाळी आणि भोंगा

मराठी शाळेत इंग्रजी शिकताना वेळेविषयीचे वाक्प्रचार फार लवकर भेटतात. ‘टाइम इज मनी’, ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’, ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नन’, ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’. ते पाठ होतात, त्यांचे अर्थ वहीत उतरतात, आणि त्यांच्याबरोबर एक समजूतही कुणी न सांगता मनात उतरते: वेळेची किंमत इंग्रजांनी शिकवली, घड्याळाने आणि गिरणीने शिस्त आणली, त्याआधी आपल्या खेड्यांत सगळे सवडीने चालत असे. ही समजूत खरी आहे का, हे मोठ्या शहराच्या इतिहासातून ठरवता येत नाही. तिथे रेल्वे, कचेरी, गिरणी आणि शाळा एकदमच आल्या. सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका त्यासाठी जास्त उपयोगी आहे. माळशिरस गावाला रेल्वे नव्हती, आजही नाही. १९३०च्या दशकापर्यंत तालुक्यात भोंगा वाजवणारा मोठा कारखाना नव्हता. पाऊस बेताचा, शेती मुख्यतः रब्बी ज्वारीची. पुढे नीरेच्या कालव्याचे पाणी आले, मग साखर आली. इथे वेळ मोजण्याच्या रीती एकीमागून एक आल्या, त्यामुळे कोणत्या रीतीने काय बदलले हे वेगळे काढून पाहता येते. तसे पाहिले की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. वेळेचा काटेकोरपणा इथे घड्याळाच्या आधीपासून होता. घड्याळाने बदलली ती वेळेची मालकी.

आधी इंग्रजी वाक्प्रचारांकडेच पाहू, कारण ते एका साच्याचे नाहीत. ‘टाइम इज मनी’ हे वचन प्रसिद्ध झाले ते बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४८ मध्ये तरुण व्यापाऱ्याला केलेल्या उपदेशामुळे. त्यात वेळ हे भांडवल आहे. ती खर्च होते, वाचते, वाया जाते. पण ‘इलेव्हन्थ अवर’ हा शब्दप्रयोग बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातून आला. तिथला अकरावा तास घड्याळातला नव्हे. उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या दिवसाचे बारा भाग, त्यातला शेवटून दुसरा संपत आलेला, आणि त्या वेळी कामावर घेतलेल्या मजुरालाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ शेतकऱ्याचा आहे, ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ लोहाराचा. म्हणजे इंग्रजीतही दोन थर आहेत: एक कामाच्या वेळेचा, दुसरा विकायच्या वेळेचा. ई. पी. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकाराने १९६७च्या आपल्या गाजलेल्या निबंधात नेमके हेच दाखवले, की कारखानदारीच्या आधी इंग्लंडमधला कारागीर आणि शेतमजूरही कामाच्या कलाने वेळ मोजत होता. मालकाच्या घड्याळाने मोजायला त्याला पिढ्यान्पिढ्या लावावे लागले. तेव्हा हा फरक इंग्रज आणि मराठी माणसाच्या स्वभावातला नाही. तो त्या त्या काळातल्या कामाच्या रचनेतला आहे.

आता मराठीकडे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’सारखा ग्रंथ चाळला तर वेळेच्या वाक्प्रचारांची गर्दी दिसते, आणि त्यातले कितीतरी ‘घटका’ या एका मापाभोवती जमलेले आहेत. अहोरात्रीच्या साठ घटका, घटकेची साठ पळे. म्हणजे आजच्या हिशेबात घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ या शब्दांना अंताचा अर्थ आला तो या बुडणाऱ्या वाटीवरून. ‘शेवटच्या घटका मोजणे’, ‘घटकाभर टेकणे’, ‘घटकेचीही फुरसत नसणे’ हे तिचेच गोत. घटका झाल्याचा टोला ज्या झांजेवर पडे तिला घड्याळ म्हणत, आणि पुढे युरोपातून काट्यांचे यंत्र आले तेव्हा हेच नाव त्याला मिळाले. ज्या समाजाला नवे यंत्र पाहून त्याचे नाव उसने घ्यावे लागले नाही, त्याला मोजलेली वेळ नवी होती असे म्हणणे कठीण आहे.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो वाजवी आहे. घटिकापात्र लग्नाच्या मुहूर्तापुरते, जोशीबुवांच्या हातातले. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात किंवा एखाद्या वाड्यात घटका मोजल्या जात असतील; नांगरामागच्या माणसाला त्यांचे काय? त्याचा दिवस कासराभर वर येत होता, डोक्यावर येत होता, कलत होता. तिन्हीसांजा होत होत्या, शुक्राची चांदणी उगवत होती. ही मापे सैल होती, हे मान्य. पण सैल माप आणि सैल शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा पुरावा विहिरीवर सापडतो. सामाईक विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा आण्यांत ठरे आणि तो घेण्याचा दिवस पाळीने ठरे: चार आणे हिस्सेदाराला इतके दिवस, आठ आणेवाल्याला त्याच्या दुप्पट. खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत अशा पाळ्या लिहिलेल्या असतात, आजही असतात. मोट कधी जुंपायची आणि कधी सोडायची हे उन्हावरून ठरत असेल, पण शेजाऱ्याची पाळी सुरू झाल्यावर आपली मोट चालू ठेवणारा माणूस भांडणाला तोंड देत होता, प्रसंगी पंचांपुढे उभा राहत होता. कमी पावसाच्या या भागात उन्हाळ्यातल्या विहिरीचे अर्ध्या दिवसाचे पाणी म्हणजे एका वाफ्याचे जगणे. त्या अर्ध्या दिवसाची किंमत कुणाला पाठ्यपुस्तकातून शिकावी लागत नव्हती.

शेतीतला दुसरा काटेकोरपणा नक्षत्रांचा. सूर्याच्या वर्षाचे सत्तावीस भाग, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. माळशिरसच्या रब्बी रानात महत्त्व मृगापेक्षा उत्तरा आणि हस्ताला जास्त, कारण ज्वारीचा पेरा परतीच्या पावसावर. त्यातही नुसते नक्षत्र पुरत नाही. पाऊस उघडल्यावर जमिनीला वापसा यावा लागतो. वापसा म्हणजे ओल आणि मोकळेपणा यांचा असा मेळ, की औत चालते आणि बी उगवते. काळ्या जमिनीत तो फार थोडे दिवस टिकतो. आधी पेरले तर चिखल, उशिरा पेरले तर ओल उडालेली. मराठीत वेळ ‘साधतात’, ‘गाठतात’ किंवा ती ‘चुकते’; ही क्रियापदे मला या वापशाच्या जवळची वाटतात. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणणाऱ्या भाषेला लांबरुंद काळ आणि त्यातला नेमका क्षण यांतला फरक चांगला ठाऊक होता.

पण माळशिरस तालुक्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा रस्त्यावर आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दर आषाढात फलटण, बरड करून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पुढे जाते. सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला पहिले गोल रिंगण, मग खुडूस फाट्याचे रिंगण. तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. तिथे गोल रिंगण, माळीनगरला उभे रिंगण. तुकोबांचे पुत्र नारायणबुवा यांनी १६८५ मध्ये पालखीची रीत घातली. ज्ञानोबांच्या सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरचे सरदार. सोहळ्याची बांधणी त्यांनी लष्करी पद्धतीने केली, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि इतर लवाजमा मिळवला, दिंड्यांना रथापुढचे आणि रथामागचे ठरलेले क्रम लागले. आणि वेळ? पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर करून सामान बांधायचे, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याला पावले टाकायची. तिसऱ्या कर्ण्यानंतर कुणासाठी कुणी थांबत नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला चोपदाराने चोप उंच केला की हजारो टाळ-मृदंग एका क्षणात शांत होतात. मग हरवले-सापडलेले जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते. हे सगळे तिथीवर बसवलेले. एखाद्या वर्षी तिथीचा क्षय झाला किंवा वृद्धी झाली तर मुक्काम त्याप्रमाणे जुळवावे लागतात, कारण दशमीला पंढरपुरात पोचणे टळत नाही. लाखभर माणसांचा तळ, प्रत्येक मुक्कामाला शिधा, पाणी, बैलांना वैरण, आणि एकही दिवस उशीर नाही. ही व्यवस्था लागली तेव्हा महाराष्ट्रात आगगाडीचा रूळही पडला नव्हता. मुंबई-ठाणे गाडी १८५३ची.

इथे कुणी म्हणेल, वारी वर्षातून एकदा येते आणि ती भक्ती आहे. कामाच्या शिस्तीशी तिचा संबंध जोडणे ओढून ताणून आहे. मला तसे वाटत नाही. वारीतला बहुसंख्य माणूस शेतकरीच आहे, आणि ज्या गावांत तळ पडतो तिथल्या घराघरांना त्या एका दिवसासाठी आठवडाभर आधीपासून वेळ आखावी लागते. शिवाय माझा मुद्दा वारीने कामगार घडवले असा नाहीच. तो इतकाच आहे, की ठरल्या क्षणी हजारोंनी एकत्र हलण्याची सवय या तालुक्याला भोंग्याने लावलेली नाही. ही शिस्त माणसे आपण होऊन घेत होती, आणि तिचा पगार कुणी देत नव्हते किंवा कापत नव्हते.

घड्याळाची सरकारी वेळ माळशिरसला लांबूनच लागली. रेल्वे मद्रासची वेळ पाळत होत्या, मुंबई स्वतःची. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहराने तिला कडवा विरोध केला, गिरणी कामगारांनी काम थांबवले, आणि मुंबईची जुनी वेळ ३९ मिनिटे मागे राहून १९५५ पर्यंत वापरात राहिली. माळशिरसचे रेखांश सुमारे ७४.९ अंश, म्हणजे इथला सूर्य प्रमाणवेळेच्या जवळपास अर्धा तास मागे आहे, आणि ऊन बरोबर डोक्यावर येते तेव्हा घड्याळात सरासरी साडेबारा झालेले असतात. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ मध्येच पंढरपूरला पोचली. पण कचेरी, टपाल आणि शाळा यांच्यापलीकडच्या माणसाला या अर्ध्या तासाचे फारसे काही वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या दिवसात घड्याळ शिरले ते पाण्यातून.

१८७६च्या दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र होरपळला तेव्हा नीरेच्या डाव्या कालव्याचे काम सुरू झाले. उजवा कालवा पुढचा. भाटघरचे नवे धरण १९२८ साली पुरे झाले आणि खंडाळा, फलटण ओलांडून माळशिरस, पंढरपूरकडे बारमाही पाणी खेळू लागले. कालव्याचे पाणी विहिरीसारखे चार भावांचे नसते. ते सरकारचे, ठरलेल्या आवर्तनात सुटणारे, मोजून द्यायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आखली ती याच अडचणीतून: उसासाठी ठरलेले क्षेत्र, ठरलेले पाणी, बाकीच्या ब्लॉकात भुसार पिके, म्हणजे मूठभर ऊसवाल्यांनी सगळा कालवा पिऊ नये. पुढची रीत शेजपाळीची. शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, कालवा अधिकाऱ्याने चारीवरच्या मागण्यांची यादी करायची, आणि शेवटच्या टोकाकडून सुरुवात करत एकाशेजारी एक प्रत्येकाला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या तासाला पाणी द्यायचे. दारे उघडणारा आणि झाकणारा पाटकरी या व्यवस्थेचा काटा. आता उन्हाकडे बघून चालेना. रात्री दोन ते पाच ही तुमची पाळी असेल तर रात्री दोनला खोरे घेऊन बांधावर उभे राहावे लागते. उशीर झाला तर पाणी शेजारच्या रानात गेलेले असते आणि पुढचे आवर्तन काही आठवड्यांनी. शेतकऱ्याच्या घरातल्या घड्याळाला खरे काम लागले ते इथे. तरीही शब्द विहिरीवरचाच राहिला: पाळी. आणि तो राहावा इतकी जुनी गोष्ट या नव्या व्यवस्थेत शिल्लक होती. तास आला, पण तो शेजाऱ्याच्या तासाला जोडूनच आला. माझी पाळी संपते तिथे त्याची सुरू होते.

हाच शब्द काही वर्षांत कारखान्याच्या फाटकातून आत गेला आणि तिथे त्याचा अर्थ पालटला. सोलापूर शहराने गिरणीचा भोंगा १८७०च्या दशकातच ऐकला होता. माळशिरस तालुक्यात तो साखरेने आणला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्यावर इथे येऊन ऊस पिकवला आणि १९३२ मध्ये स्वतःची कंपनी स्थापून माळीनगरचा कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी स्वतःच्या बळावर उभारलेला म्हणून तो आजही अभिमानाने सांगितला जातो. त्याच दशकात श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजला सहकारी कारखाना झाला, सदाशिवनगरलाही झाला. गळीत हंगामात कारखाना थांबत नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. विहिरीवर आणि चारीवर पाळी म्हणजे आपला हक्काचा वाटा होता. इथे पाळी म्हणजे आपण दुसऱ्याला विकलेले आठ तास. भोंगा वाजून फाटक बंद झाले की हजेरी गेली आणि हजेरीबरोबर मजुरी. ‘टाइम इज मनी’ या वाक्याला माळशिरसमध्ये पहिल्यांदा ठोस अर्थ आला तो इथे, आणि तो अर्थ वेळ मौल्यवान आहे असा नव्हता. वेळेचा भाव दुसरा कुणी ठरवतो असा होता.

याला कारखान्याचीच एक बाजू आहे आणि ती सांगायला हवी. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही पडतो. एका दिवसात गाळप झाले नाही तर शेतकऱ्याचे आणि कारखान्याचे दोघांचेही नुकसान. म्हणून घाई मालकाच्या लहरीची नाही, उसाच्या स्वभावाची आहे. पाळ्यांनी कामगाराचे भलेही झाले: १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरले, त्यावरच्या कामाला जादा दर मिळाला. पूर्वी सालगड्याला दिवसाचा शेवट विचारायची सोय नव्हती. कामगाराला निदान भोंगा त्याच्या बाजूनेही वाजत होता. घड्याळ नुसते शोषण करते असे म्हणणारे ही गोष्ट विसरतात. पण फाटकाबाहेर पाहिले की चित्र फिरते. बीड, जत भागातून येणारा तोडणी कामगार तासावर नसतो, टनावर असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीनला उठून भाकऱ्या, अंधारात फड, मग टायरगाडी भरून कारखान्यावर काट्याला रांग, तिथे रात्रही जाते. या माणसांना आठ तासांचा दिवस नाही आणि जादा तासाचा दरही नाही. उसाची सगळी घाई त्यांच्या अंगावर येऊन पडते, आणि घड्याळाने जो काही न्याय आणला तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे: जुन्या पाळीचे हे गुणगान भाबडे नाही का? विहिरीत ज्याचा हिस्सा त्याचीच पाळी. ज्या जातींना पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता त्यांना कसली पाळी आणि कसली घटका? पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या वेळेला हिस्सा नव्हता, हजेरीही नव्हती. कालव्यावरही शेजपाळी कागदावर शेवटच्या टोकाकडून सुरू होते, आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी मात्र पाणी पोचत नाही म्हणून तक्रार करत राहतो. हे सगळे खरे आहे, आणि म्हणून जुनी व्यवस्था न्यायाची होती असा दावा मी करत नाही. माझा दावा मर्यादित आहे: ती बेशिस्तीची नव्हती. अन्याय होता तो वाटपात होता, वेळेच्या भानात नव्हता. हा फरक महत्त्वाचा, कारण शेतकरी किंवा मजूर वेळ पाळत नाही हे वाक्य दीडशे वर्षे त्याच्या गरिबीचे कारण म्हणून वापरले गेले आहे. खरे तर आजही शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येते, आणि माळशिरसचा शेतकरी थंडीत मध्यरात्री उठून मोटार चालू करतो. त्याला वेळेचे महत्त्व शिकवणाऱ्याने आधी त्याचे वेळापत्रक कोण ठरवते ते पाहावे.

वाक्प्रचार हा एकट्याने इतिहासाचा पुरावा होत नाही. तो कामाच्या रीतीशी, कागदाशी, यंत्राशी ताडून पाहावा लागतो. माळशिरसमध्ये तसे ताडून पाहता येते, पण फार दिवस येईल असे नाही. मोट गेली, चाऱ्यांच्या जागी बंद नळ्या घालण्याचे धोरण आले, विजेचे आणि पाण्याचे वेळापत्रक आता मोबाइलवर येते. जुन्या पाटकऱ्यांना तोंडपाठ असलेल्या शेजपाळ्या, सामाईक विहिरींच्या वाटणीपत्रांतली पाळीची कलमे, कारखान्यांची पहिल्या हंगामांतली हजेरीपुस्तके, दिंड्यांच्या विणेकऱ्यांकडची जुनी वेळापत्रके अजून घराघरांत आणि कचेऱ्यांत पडून आहेत. अकलूज, नातेपुते, वेळापूर आणि माळशिरसच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांकरवी गोळा करावीत, आणि वहीत ‘टाइम इज मनी’चा अर्थ लिहून घेताना त्याच पानावर आपल्या गावच्या पाळीचा अर्थही लिहून घ्यावा.